श्वानदंश आणि लुई पाश्चर

पहाटे दूध आणायला निघताना, शेताच्या बांधावरून जाताना किंवा रात्रपाळी संपवून घरी परतताना कुत्रा अंगावर धावून येण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. कधी तो नुसता भुंकून थांबतो, तर कधी पोटरीला दात लावतो. जखम लहान असली की आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मोठी असली की कोणी तीत हळद भरतो, कोणी चुना लावतो, कोणी मिरची चोळतो, तर कोणी मांत्रिकाकडे धाव घेतो. वास्तविक त्या वेळी काय करावे, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपासून जगाला ठाऊक आहे. ज्या पुरुषाच्या परिश्रमामुळे हे ज्ञान माणसाच्या हाती आले, तो वैद्य नव्हता. तो एका कातडी कमावणाऱ्याचा मुलगा होता आणि व्यवसायाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचे नाव लुई पाश्चर. प्रस्तुत पाठात आपण त्याच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. त्यांचे वडील नेपोलियनच्या सैन्यात शिपाईगिरी केलेले गृहस्थ होते. सैन्य सोडल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा आपला पिढीजात धंदा पुन्हा सुरू केला. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. घरची परिस्थिती बेताचीच होती. लुई शाळेत फार हुशार समजला जात नसे. मात्र त्याला चित्रकलेची उत्तम जाण होती. आई-वडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने काढलेली रंगीत चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. समोर जे आहे ते बारकाईने पाहण्याची सवय त्याला बहुधा तेथेच लागली असावी.

तो आठ वर्षांचा असताना, १८३१ साली, आर्ब्वाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला. वाटेत आलेल्या अनेकांना त्याने चावे घेतले. त्या काळी अशा जखमेवर एकच उपाय माहीत होता. लोहाराच्या भट्टीत सळई लाल होईपर्यंत तापवायची आणि तिने जखम डागायची. पाश्चर यांच्या घराजवळच्या लोहारशाळेत जखमी माणसांना आणले गेले. त्या आक्रोशाची आठवण बालवयातील लुईच्या मनातून कधीही पुसली गेली नाही. एवढ्या यातना सोसूनही त्यांपैकी काही जण पुढे पिसाळरोगाने दगावलेच. उपाय भयंकर होता. परंतु त्याची खात्री मात्र नव्हती.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना लुईला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवण्यात आले. तेथे त्याला घराची इतकी ओढ लागली की, अखेर वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. पण शिक्षणाची इच्छा मावळली नव्हती. जवळच्या शहरात राहून त्याने परीक्षा दिल्या आणि १८४३ साली पॅरिसमधील एका नामांकित विद्यालयात पुन्हा प्रवेश मिळवला. एकदा अर्धवट सुटलेले शिक्षण नव्या निश्चयाने पूर्ण करता येते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, स्फटिकांच्या रचनेविषयीच्या संशोधनामुळे त्यांचे नाव शास्त्रज्ञांमध्ये ओळखले जाऊ लागले. १८४९ साली स्ट्रासबर्ग येथे मारी लोरां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या टिपणांच्या प्रती करण्यापासून त्यांच्या आजारपणातील शुश्रूषेपर्यंत मारी यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली.

१८५४ साली पाश्चर लील या औद्योगिक शहरात प्राध्यापक म्हणून गेले. बीट या कंदापासून मद्यार्क तयार करणाऱ्या तेथील एका कारखानदाराचा माल वारंवार बिघडत असे. पाश्चर यांनी त्याच्या पिंपांतील द्रवाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पदार्थ आंबणे ही केवळ रासायनिक क्रिया नसून ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचे कार्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. द्राक्षरस किंवा दूध ठरावीक मर्यादेपर्यंत तापवले, तर हे सूक्ष्मजंतू मरतात, हेही पुढे सिद्ध झाले. दुधाच्या पिशवीवर छापलेला ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

सूक्ष्मजंतू कोठून येतात, हा त्या काळी मोठ्या वादाचा विषय होता. सडक्या पदार्थात ते आपोआप उत्पन्न होतात, असे अनेक विद्वान मानत. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेली काचेची पात्रे बनवली. त्यांत मांसाचा किंवा यीस्टचा अर्क उकळून ठेवला. नळीतून हवा आत जाई. पण धूळ मात्र नळीच्या वाकणात अडकून राही. तो अर्क महिनोन्‌महिने नासला नाही. नळी मोडताच मात्र थोड्याच दिवसांत त्यात जंतू वाढू लागले. जंतू जंतूंपासूनच निर्माण होतात, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले. जखमेत पू होण्याचे कारणही बाहेरून येणारे जंतूच असले पाहिजेत, हे ओळखून जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाने जखमा जंतुनाशकाने धुण्याची पद्धत सुरू केली.

या यशाच्या काळातच पाश्चर यांच्या घरावर दुःखाचे आघात होत होते. त्यांच्या पाच अपत्यांपैकी तीन मुली लहान वयातच दगावल्या. त्यांपैकी दोघींचा बळी विषमज्वराने घेतला. १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू दुबळी झाली. रेशीमकिड्यांच्या रोगावरील त्यांचे संशोधन त्या वेळी चालू होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पुढच्या प्रयोगांचे निवेदन लिहवून घेतले. त्यानंतर अखेरपर्यंत ते पाय ओढत चालत. पण प्रयोगशाळेत जाण्याचा नेम त्यांनी सोडला नाही.

१८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करताना पाश्चर यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. रोगजंतू बरेच दिवस ठेवून दुर्बळ केले आणि मग ते कोंबडीला टोचले, तर ती मरत नाही. एवढेच नव्हे, तर पुढे ताजे, जोमदार जंतू टोचले तरीही ती तगून राहते. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली देवीच्या रोगावर लस टोचली होती. त्याच तत्त्वाने इतर रोगांवरही लस तयार करता येईल, हा विचार आता पाश्चर यांच्या मनात पक्का झाला. १८८१ साली त्यांनी मेंढ्यांना होणाऱ्या काळपुळी रोगाच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. सर्व मेंढ्यांना जहाल जंतू टोचल्यावर लस दिलेल्या मेंढ्या जगल्या आणि लस न दिलेल्या मेल्या. लस हा शब्द त्यामुळे फ्रान्सच्या खेडोपाडी पोहोचला.

यानंतर पाश्चर वळले ते बालपणी ज्याची दहशत पाहिली होती, त्या पिसाळरोगाकडे, म्हणजेच रेबीजकडे. हा रोग पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो. तेथून त्याचे विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतात. हा प्रवास मंद गतीचा असतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवस, तर क्वचित एक वर्षाहूनही अधिक काळ लागतो. चावा डोक्याजवळ असेल, तर वाट जवळची होते. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचले की ताप येतो, घशाला आचके बसतात, तहान असूनही पाणी गिळवत नाही आणि पुढे पाण्याच्या नुसत्या दर्शनानेही रोगी घाबरतो. एकदा ही लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. हे त्या काळीही खरे होते आणि आजही खरे आहे.

परंतु चावा आणि रोग यांच्यामध्ये काही काळ जातो, हीच गोष्ट पाश्चर यांना आशेची वाटली. इतर रोगांत लस रोगाचा संसर्ग होण्यापूर्वी द्यावी लागते. येथे मात्र विषाणू मेंदूकडे वाटचाल करीत असतानाच लस दिली आणि शरीराची प्रतिकारशक्ती आधी जागी झाली, तर माणूस वाचू शकेल, असा त्यांचा विचार होता.

हे काम जोखमीचे होते. पिसाळलेल्या कुत्र्याला दोघांनी धरून ठेवावे आणि तिसऱ्याने काचेच्या नळीने त्याच्या जबड्यातील लाळ ओढून घ्यावी, असे प्रसंगही त्यांच्या प्रयोगशाळेत घडले. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून रेबीजचा विषाणू दिसत नसे. तरीही तो मेंदूत आणि मज्जारज्जूत वास करतो, हे पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी प्रयोगांनी ताडले. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला की त्यातील विष दिवसागणिक उतरत जाते आणि सुमारे चौदा दिवसांनी ते निष्प्रभ होते, असे त्यांना आढळले. कुत्र्यांना प्रथम सर्वांत जुन्या मज्जारज्जूचा आणि मग क्रमाने अधिकाधिक ताज्या मज्जारज्जूचा अंश टोचून त्यांनी रोगप्रतिकार निर्माण केला. माणसावर हा उपाय करण्यास मात्र त्यांचे मन धजत नव्हते.

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातील एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. त्याचे नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी एका पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला खाली पाडून ठिकठिकाणी चावे घेतले होते. त्याच्या अंगावर चौदा जखमा होत्या. पाश्चर यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. उपचार केले नाहीत, तर मुलगा बहुधा मरणार होता. उपचार केले आणि तो दगावला, तर त्याच्या मृत्यूचा दोष त्यांच्या माथी येणार होता. ते वैद्य नसल्याने स्वतः सुई टोचण्याचाही त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी दोन अनुभवी डॉक्टरांना बोलावून मुलाच्या जखमा दाखवल्या. दोघांचेही मत उपचार करावेत असेच पडले. त्याच संध्याकाळी डॉ. ग्रांशे यांनी पहिली लस टोचली. पुढील दहा दिवसांत एकूण तेरा वेळा लस देण्यात आली. दर दिवशी लस अधिक जहाल होत जाई आणि पाश्चर यांची झोप उडत जाई. अखेरच्या दिवसांत तर त्या कोवळ्या देहात जे द्रव्य जात होते, ते निरोगी सशाचा प्राण घेण्याइतके तीव्र होते. आठवडे लोटले, महिने लोटले. जोसेफ ठणठणीत राहिला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ज्यां-बातिस्त ज्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा धनगराचा मुलगा आला. बरोबरच्या लहान मुलांना वाचवण्यासाठी त्याने पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंज दिली होती आणि त्यात तो स्वतः जखमी झाला होता. तोही लसीमुळे बचावला.

यश सर्वांच्याच वाट्याला आले नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये लुईझ पेलेतिए या दहा वर्षांच्या मुलीला पाश्चर यांच्याकडे आणण्यात आले. तिच्या डोक्यावर खोल जखम होती आणि कुत्रा चावून सदतीस दिवस उलटले होते. फार उशीर झाला आहे, हे पाश्चर यांना दिसत होते. ती दगावली, तर विरोधक साऱ्या उपचारपद्धतीलाच नावे ठेवतील आणि इतर लोक लस घ्यायला भितील, हेही त्यांना कळत होते. तरीही आई-वडिलांची विनवणी त्यांना मोडवेना. त्यांनी उपचार केले. डिसेंबरच्या आरंभी ती मुलगी गेली. अखेरच्या दिवशी पाश्चर तिच्या अंथरुणाशी बसून होते. लस तीच होती, ती देणारे हातही तेच होते. जोसेफसाठी दोन दिवसांत धावपळ झाली, लुईझसाठी सदतीस दिवस गेले. या दोन मुलांच्या कथेत श्वानदंशावरील उपचाराचे सारे मर्म सामावले आहे.

१८८६ च्या मार्च महिन्यात रशियातील स्मोलेन्स्क भागातून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेले एकोणीस जण पॅरिसला आले. त्यांपैकी सोळा जण वाचले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून रुग्णांची रीघ लागली. लोकवर्गणीतून पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी तिचे उद्घाटन झाले. त्या वेळी पाश्चर यांची प्रकृती इतकी ढासळली होती की, त्यांचे भाषण त्यांच्या मुलाने वाचून दाखवले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव त्याच संस्थेच्या तळघरातील समाधीत विसावले आहे. मोठेपणी जोसेफ माइस्टर याच संस्थेचा रखवालदार झाला.

थोर पुरुषांचे चरित्र वाचताना त्यांच्या उणिवाही झाकू नयेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर यांच्या प्रयोगांच्या वह्या अभ्यासकांना पाहता आल्या. जोसेफवर वापरलेल्या पद्धतीचा कुत्र्यांवरील पडताळा त्या वेळी पूर्ण झालेला नव्हता, हे त्यांवरून दिसून आले. एमिल रू यांनाही ही घाई पसंत नव्हती. आज अशा रीतीने नवी लस माणसाला देता येत नाही. तिच्या चाचण्यांचे कडक नियम आहेत. पाश्चर यांनी पत्करलेला धोका खरा होता, हे जाणूनच त्यांच्या कार्याचा आदर करायला हवा.

भारतात या उपचाराची सोय हिमाचल प्रदेशातील कसौली येथे १९०० साली स्थापन झालेल्या पाश्चर संस्थेमुळे झाली. १९०७ साली तमिळनाडूतील कुन्नूर येथेही अशी संस्था निघाली. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून नवी लस तयार केली. ती पोटात टोचली जाई आणि तिची बरीच इंजेक्शने घ्यावी लागत. ‘कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने’ ही समजूत तेव्हापासूनची आहे. त्या धास्तीने अनेकांनी उपचार टाळले. ती लस आता इतिहासजमा झाली असून २००५ सालापर्यंत भारतात तिचा वापर थांबला. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेशीही पाश्चर यांचे नाते पोहोचते. प्लेगवर लस शोधणारे वॉल्डेमार हाफकिन हे भारतात येण्यापूर्वी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते.

आता आपल्यापुढे प्रसंग आला तर काय करावे, ते पाहू. कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा यांपैकी कोणीही चावले किंवा नखाने ओरबाडले, तर सर्वप्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. नळ नसेल, तर तांब्याने पाणी ओतत राहावे. लिस्टर यांच्या काळापासून चालत आलेला हा धडा आहे. धुण्यामुळे जखमेतील विषाणू मोठ्या प्रमाणात वाहून जातात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, मिरची, चुना, तेल, माती यांपैकी काहीही लावू नये. जखम डागू नये आणि घट्ट बांधूही नये.

त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. आजची लस दंडावर किंवा लहान मुलांच्या मांडीवर टोचली जाते. पहिली मात्रा घेतल्याचा दिवस शून्य धरल्यास, कातडीत टोचावयाची लस त्यानंतर ३ ऱ्या, ७ व्या आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत टोचावयाची लस असेल, तर १४ व्या दिवशीही एक मात्रा असते. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषधही टोचतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत ते विषाणूला रोखून धरते. धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांनाही ही लस देता येते. कुत्रा ओळखीचा असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण त्याचे काय होते याची वाट पाहत लस लांबवू नये. दहा दिवसांनंतरही तो निरोगी असेल, तर पुढच्या मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. बरे वाटते म्हणून आपणच लस मध्येच थांबवू नये. घरच्या कुत्र्यालाही दर वर्षी लस टोचून घ्यावी, म्हणजे रोगाचे मूळच तुटते.

मुले मार बसेल या भीतीने कुत्रा चावल्याचे पुष्कळदा लपवतात. त्यांना रागावू नये. त्यांना विश्वासाने बोलते करणे, हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. रेबीजने होणारे बहुतेक मृत्यू कुत्र्याच्या चाव्यामुळे होतात आणि वेळीच उपचार झाल्यास ते टाळता येतात. चावा आणि रोग यांच्यामधील थोडा काळ निसर्गाने माणसाला दिला आहे. त्या काळाचा उपयोग कसा करावा, हे लुई पाश्चर यांनी शिकवले. जोसेफच्या आईने त्या दोन दिवसांत जी तत्परता दाखवली, ती दाखवणे आता आपल्या हाती आहे.